हलकी सूज

जालन्यात रशियन शिकवून काय मिळतं, असं मला आजवर इतक्या जणांनी विचारलं आहे की उत्तर तयारच असतं: पगार मिळतो. कॉलेज अनुदानित होतं. इंग्रजी विभागात माझी नेमणूक होती आणि रशियन हा त्या विभागाच्या पदरात पडलेला जादा विषय होता. आठवड्याला बारा तास इंग्रजी, सहा तास रशियन. इंग्रजीला वर्ग भरलेला आणि मुलं खिडकीबाहेर बघणारी. रशियनला नऊ-दहा डोकी, पण सगळी फळ्याकडे बघणारी. रशियनला मार्क चांगले पडतात हे गावभर पसरलेलं असायचं, हेही खरं.

माझे वडील भोकरदनला शाळामास्तर होते. त्या काळी वर्षातून एकदा पुस्तकांची गाडी यायची. रशियातून छापून आलेली, गुळगुळीत कागदाची, आठवड्याच्या भाजीच्या भावात मिळणारी पुस्तकं. वडिलांनी गोष्टींच्या पुस्तकांबरोबर एक रशियन स्वयंशिक्षकही उचलून आणला. बहुधा चित्रं बघून. त्यातली अक्षरं मी सातवीच्या सुट्टीत गिरवली आणि पुढं विद्यापीठात इंग्रजीच्या जोडीनं रशियनची पदविका केली. ती पूर्ण झाली त्याच सुमाराला तो सोव्हिएत देशच उरला नाही. तिकडच्या शिष्यवृत्त्या बंद झाल्या, पुस्तकांची गाडी बंद झाली. मी आजतागायत रशिया पाहिलेला नाही. ही गोष्ट विद्यार्थ्यांपासून मी लपवली नाही, पण आपण होऊन सांगितलीही नाही.

बाहेरच्यांना वाटतं ही फार अवघड भाषा. मराठी माणसाला ती तेवढी अवघड नाही. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, विभक्ती आपल्याकडेही आहे. 'आहे' हे क्रियापद तर ते लोक बोलताना वापरतच नाहीत. 'मी डॉक्टर' म्हटलं की झालं. अडचण येते ती जाण्या-येण्याची. पायी जायला एक क्रियापद, वाहनानं जायला दुसरं. एकदा हसनाबादकडून येणाऱ्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, एसटी मधातच बंद पडली अन् पुढं पायी निघालो, तर?" मी म्हटलं, "तर दोन्ही." हा प्रश्न त्यानं गंमत म्हणून विचारला नव्हता. तो रोज तसाच यायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्दांचे शेवट. रशियन शब्दाचा सगळा जीव त्याच्या शेपटात असतो. शेपूट बदललं की कर्त्याचं कर्म होतं, एकाचे अनेक होतात, विशेषणाचं नाम होतं. मी एकतीस वर्षं फळ्यावर शेपटाखाली रेघ ओढत आले.

पण मुलांमध्ये माझं नाव झालं ते वेगळ्याच कारणानं. परीक्षेत एक न पाहिलेला उतारा येतो, त्यात निम्मे शब्द अनोळखी असतात. मुलं पहिल्याच अनोळखी शब्दापाशी गाडी थांबवायची. मी त्यांना अंदाज करायला शिकवलं. मागचा शब्द बघा, पुढचा बघा, वाक्य कुठं निघालंय ते बघा, अर्थ आपसूक हाती लागतो. माझी मुलं त्या उताऱ्यात हमखास पास व्हायची. विद्यापीठातून तोंडी परीक्षा घ्यायला येणारे परीक्षक म्हणायचे, "जालन्याची मुलं घाबरत नाहीत." मला ते फार आवडायचं.

याच जोरावर मी एकदा कारखान्यातही गेले. एमआयडीसीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यानं कुठूनसं जुनं यंत्र आणलं होतं आणि त्याच्यासोबतचं माहितीपुस्तक रशियनमध्ये होतं. मालकाचा माणूस कॉलेजात आला. मी गेले. तांत्रिक शब्द मला निम्मेही येत नव्हते. तिथला फिटर इस्माईलभाई, पांढऱ्या दाढीचा, शांत माणूस. मी वाचायची, अडखळायची, मग म्हणायची, बहुतेक ही दाब सोडायची झडप असावी. तो म्हणायचा, "मॅडम, तुम अंदाजा बोलो, मैं पाना लगा के देखता." तीन दिवसांत यंत्र चालू झालं. कारखान्यानं कॉलेजला आभाराचं पत्र पाठवलं, प्राचार्यांनी ते काचेखाली लावलं. माझे किती अंदाज इस्माईलभाईच्या पान्यानं खोटे ठरवले होते, हे पत्रात नव्हतं. हळूहळू माझ्याही लक्षात राहिलं नाही.

निवृत्त होईपर्यंत रशियनचे विद्यार्थी तीनवर आले होते आणि माझ्यामागं तो विषय बंद झाला. मला वाटलं, संपलं. पण झालं उलटंच. आमच्या भागातली मुलं डॉक्टर व्हायला किरगिझस्तान, कझाकस्तान, रशियाकडं जायला लागली. इथं सरकारी कॉलेजात नंबर लागत नाही आणि खासगीचा खर्च झेपत नाही, अशी ही मुलं. तिकडं शिकवणं इंग्रजीतून असतं, पण तिसऱ्या वर्षी वॉर्डात पाय ठेवला की पेशंट इंग्रजी बोलत नाही. तो म्हणतो पोटात दुखतंय, आणि तेही रशियनमध्ये. मग कुणीतरी पालकांना सांगायचं, जुन्या जालन्यात एक रशियनवाल्या मॅडम आहेत. आमच्या घराखाली कापडाचं दुकान आहे. रविवारी ते बंद असतं, गल्ली जरा शांत असते. तेव्हा मी वरच्या खोलीत रविवारी सकाळचा वर्ग सुरू केला.

प्रणाली साळवे ही त्या वर्गातली सुरुवातीची मुलगी. हसनाबादची. वडील भगवान साळवे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आई शोभाताई अंगणवाडीत. साळवे सर पहिल्या दिवशी तिला सोडायला आले तेव्हा दारातच चप्पल काढून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मीबी मास्तरच हाय. पोरगी चुकली तर बिलकुल माफ करू नका." प्रणाली तीन महिने आली. हुशार होती, पण बोलायला लाजायची. वाक्य मनात पुरतं जुळल्याशिवाय तोंड उघडायची नाही. मी तिला सतत सांगायची, अडू नकोस, अंदाजानं बोल. ती किरगिझस्तानात बिश्केकला गेली. दुसऱ्या वर्षात असताना जे घडलं, ते मला इथं सांगायचं आहे.

शनिवार होता, दुपारचे दोन-अडीच. साळवे सर आणि शोभाताई बसनं जालन्याला आले आणि थेट माझ्याकडं. शोभाताईंच्या हातात पिशवीसुद्धा नव्हती, त्यावरून मला कळलं की काहीतरी झालंय.

"पोरीला दवाखान्यात ठिवलंय," साळवे सर म्हणाले. "चार दिवस ताप होता. आम्हाला सांगितलंच न्हाई तिनं. आज सकाळी तिच्या रूमवरल्या पोरीनं फोन केला."

"ती स्वतः बोलली का?"

"दोन शब्द. खोकूनच राह्यली, बोलताच येईना. ती दुसरी पोरगी आंध्राकडची, तिचं हिंदी आम्हाला समजंना. इंग्रजी येणारा डॉक्टर सोमवारी येतो म्हने."

ज्या एजंटमार्फत मुलं जातात त्याचा एक माणूस तिथं असतो. त्यानं साळवे सरांना सांगितलं होतं की या छोट्या दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात हलवायचं का, ते घरच्यांनी कळवावं, तसं करतो.

"पण पोरीला खरंच तेवढं झालंय का, हे कुणी धड सांगना," साळवे सर म्हणाले. "तुम्ही तिथल्या नर्सशी बोला. तुम्ही सांगाल तसं करू."

फोन लावला. प्रणालीच्या त्या रूमवरल्या मैत्रिणीनं, माधवी तिचं नाव, तो उचलला आणि नर्सकडं दिला. मी रीतसर नमस्कार केला, मी कोण ते सांगितलं. नर्स भराभर बोलायला लागली.

इथं एक कबूल करायला हवं. माझं रशियन हे कॅसेटमधलं रशियन. कॅसेटमधली माणसं एकमेकांना स्टेशनचा रस्ता विचारतात आणि समोरचा पूर्ण वाक्यात, सावकाश उत्तर देतो. ही नर्स मास्कमधून बोलत होती, मागं कुणीतरी ओरडत होतं, भांड्यांचा की कसल्याशा गाडीचा खडखडाट होता. मला ताप समजला, इंजेक्शन समजलं, चार दिवस समजलं. मग ती म्हणाली 'वस्पलेनिये', आणि त्याला लागून 'ल्योख्...' आणि शब्दाचा शेवट त्या खडखडाटात गेला. त्याच्याआधी आणखी एक लांबलचक शब्द होता, तो तर मला मुळीच लागला नाही.

वस्पलेनिये म्हणजे दाह, सूज. ल्योख्की म्हणजे हलका. सोपा.

परत सांगता का, असं विचारायला हवं होतं. ते वाक्य पहिल्या धड्यात आहे. मी ते शेकडो मुलांकडून घोकून घेतलं आहे. पण शोभाताई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. पापणी न हलवता. साळवे सर जमिनीकडं बघत होते. आणि रशियनवाल्या मॅडमना समजत नाही, हे त्या दोघांसमोर मला दिसू द्यायचं नव्हतं. मी नर्सला धन्यवाद म्हटलं आणि फोन ठेवला.

"हलकी सूज आहे," मी म्हणाले. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरेना म्हणून पुढं जोडलं, "घशाला असेल. औषधं चालू आहेत. दोन-चार दिवसांत उतरेल."

शोभाताई पदर तोंडाला लावून रडल्या. सुटल्यासारख्या. मी चहा ठेवला. चहा होईपर्यंत साळवे सरांनी एजंटच्या माणसाला फोन लावला होता. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "हलकं हाय म्हंतात. राहू द्या तिथंच. आजारी पोरीला उगंच हलवू नका." ते ऐकून मला बरं वाटलं. माझी भाषा कुणाच्या तरी कामी आली, असं.

दुसऱ्या दिवशी रविवारचा वर्ग होता. सहा मुलं. धडा विशेषणांचा: मोठा-लहान, जुना-नवा, जड-हलका. मी फळ्यावर शब्द लिहीत होते. ऐश्वर्या नावाची एक मुलगी सप्टेंबरात जाणार होती. तिच्या मोबाईलवर सदा शरीराच्या भागांचे शब्द असायचे. ती म्हणाली, "मॅडम, ल्योख्कए म्हंजे फुफ्फुस दाखवून राह्यलंय इथं. चुकीचं हाय का?"

"चुकीचं नाही," मी म्हटलं. "फुफ्फुस पाण्यावर तरंगतं, बाकीच्या अवयवांपेक्षा हलकं असतं, म्हणून त्यांनी त्याला तोच शब्द..."

खडू हातात तसाच राहिला. वस्पलेनिये ल्योख्किख. फुफ्फुसांचा दाह. आपण ज्याला न्यूमोनिया म्हणतो, त्याचं तिथल्या घराघरात बोललं जाणारं नाव. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रशियन कथांमधली माणसं याच रोगानं मरत आली आहेत, आणि त्या कथांचं भाषांतर मी वर्गात करून घेतलं आहे.

मुलांना बसायला सांगून मी आतल्या खोलीत गेले आणि प्रणालीच्या फोनवर फोन लावला. माधवीनं उचलला. "मॅडम, रात से ऑक्सिजन लगाया," ती म्हणाली. "बात नहीं कर सकती वो."

"डॉक्टर हैं क्या? कोई भी."

रविवारच्या पाळीची एक डॉक्टर आली. बाईच होती. मी वही उघडली आणि म्हटलं, "मी डॉक्टर नाही, भाषेची शिक्षिका आहे. मला भराभर बोललेलं समजत नाही. एकेक शब्द सांगा, मी लिहून घेते." आश्चर्य म्हणजे ती लगेच सावकाश बोलायला लागली. सांगितलं की बोलतात माणसं सावकाश. आदल्या दिवशी हुकलेला तो लांबलचक शब्दही आता लागला: दोन्ही बाजूंचा. दोन्ही फुफ्फुसांना दाह. मग ती म्हणाली, "आमच्याकडं हिच्यासाठी पुरेशी सोय नाही. आम्ही कालच हलवायला सांगितलं होतं. नातेवाइकांनी नको म्हणून कळवलं."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहिलं. ती वही अजून आहे.

"हलवा," मी म्हणाले. "आत्ताच. नातेवाईक तयार आहेत."

नातेवाइकांना मी विचारलं नव्हतं. भाषांतर करणाऱ्यानं असं करू नये. जे बोललं गेलं तेवढंच पलीकडं पोचवायचं, हा या कामाचा नियम आहे. आदल्या दिवशी मी तो मोडला होता आणि आजही मोडला. मग साळवे सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. शब्द चुकला, न्यूमोनिया आहे, ऑक्सिजन लावलाय, हलवायला सांगितलंय. ते म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

त्या 'बरं'वर मला घरी बसवेना. मुलांना घरी पाठवलं आणि बस पकडली.

हसनाबादला त्यांच्या घरी दोन-चार शेजारी जमले होते. मी आत गेल्यावर ते उठून ओसरीत गेले. शोभाताई टीव्हीशेजारच्या बुद्धमूर्तीसमोर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि म्हटलं, "ताई, माझी चूक झाली. मला नीट ऐकू आलं नव्हतं. मी परत विचारायला हवं होतं."

त्या म्हणाल्या, "काल तुम्ही हलकं म्हन्ल्या. म्हणून मी पोटभर जेवले. लेकरू तिकडं श्वासासाठी तडफडून राह्यलं अन् मी इकडं दोन भाकरी खाल्ल्या."

त्यात आरोप नव्हता. त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

साळवे सरांनी फोन स्पीकरवर टाकून मधे ठेवला. संध्याकाळपर्यंत तीन वेळा बोलणं झालं. प्रणालीला मोठ्या दवाखान्यात पोचवलं होतं. मी वही मांडीवर घेऊन एकेक शब्द लिहीत होते आणि समजलं नाही तिथं तोंडानं सांगत होते, "हे मला कळलं नाही, परत विचारते." पहिल्यांदा असं म्हणताना जीभ जड झाली. तिसऱ्यांदा झाली नाही. साळवे सर माझ्याकडं न बघता वहीकडं बघत होते. मी लिहिलेली ती अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती.

पुढचे तीन दिवस वाईट गेले. रोज सकाळ-संध्याकाळ तिकडं फोन. मी जालन्यातून बोलायची आणि साळवे सर दोन फोन एकत्र जोडून ऐकायचे. ते कसं करायचं ते त्यांना माझ्या सांगण्यावरून ऐश्वर्यानं फोनवर शिकवलं होतं. चौथ्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी प्रणाली स्वतः बोलली. आवाज पार बारीक, पण बोलली. "मॅडम, मला बरं हाय. पप्पांना सांगा, इथं सूप देतात, त्यात काहीच नसतं." साळवे सर फोनवर होतेच. ते हसले का, मला कळलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी मला डॉक्टरला एक प्रश्न विचारायला लावला. "इचारा, शनिवारीच हलवलं असतं तर येवढं झालं असतं का?"

मी विचारलं. प्रश्न सौम्य केला नाही. डॉक्टर म्हणाली, "मोझेत बीत्य."

"कदाचित," मी साळवे सरांना सांगितलं. "असंच म्हणाल्या. कदाचित."

"बरं," ते म्हणाले.

प्रणाली महिनाभरानं तिकडच्या कॉलेजात परतली, पण त्या सत्राची परीक्षा हुकली आणि तिच्या बरोबरीच्या मुली पुढं गेल्या. थंडीत तिला अजून धाप लागते. आता ती चौथ्या वर्षात आहे. वॉर्डात पेशंटशी बोलते, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे म्हाताऱ्या बायका तिलाच बोलावतात, कारण ती एकच गोष्ट तीन-तीनदा विचारते आणि त्यांना वाटतं ही पोरगी फार काळजीनं ऐकते.

मी मात्र रविवारचा वर्ग बंद करायच्या विचारात होते. दोन रविवार घेतलाही नाही. पालकांचे फोन आले तेव्हा तब्येतीचं कारण सांगितलं. ऐश्वर्या घरी आली. तिला मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "मंग मॅडम, आम्ही कोणाकडं जावं? जालन्यात दुसरं कोणी हाय का?" दुसरं कुणी नव्हतं. वर्ग पुन्हा सुरू केला. एवढा बदल केला की अंदाजानं अर्थ काढणं मी आता परीक्षेपुरतंच शिकवते, आणि त्याच्याआधी दोन महिने फक्त विचारायला शिकवते. मी मुद्दाम भराभर बोलते, मधे खोकते, शब्द गिळते. मुलानं मला अडवलं नाही तर मार्क नाही. मुलांना सुरुवातीला संकोच वाटतो. मोठ्यांना अडवायची सवय आपल्याकडं नसते.

प्रणालीचं आजारपण होऊन दोन-अडीच महिने झाले असतील. एका रविवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी साळवे सर दारात उभे. हातात नवी दोनशे पानी वही. मला वाटलं काही पत्र लिहून घ्यायचंय.

"मला बसायचं हाय वर्गात," ते म्हणाले. "जमंल का?"

त्यांचं वय तेव्हा त्रेपन्न. वर्गातली बाकीची मुलं अठरा-एकोणीसची. मी हो म्हटलं. का शिकायचंय हे विचारलं नाही. मला वाटलं मला ठाऊक आहे: या माणसाला पुन्हा कुणाच्या शब्दावर विसंबायचं नाही. ते रास्तच होतं.

ते दर रविवारी पहिल्या बसनं यायचे. शेवटच्या बाकावर, भिंतीकडं. अक्षर मास्तराचं, टपोरं. रशियन अक्षरंही त्यांनी बालबोध वळणानं काढायला सुरुवात केली, जणू पहिलीच्या पोरांना कित्ता द्यायचा आहे. उच्चार शेवटपर्यंत जमले नाहीत. पण शेपटं त्यांनी सगळ्यांच्या आधी पक्की केली. घरून रूपांचे तक्ते करून आणायचे. एकदा माझीच फळ्यावरची चूक त्यांनी दाखवली. हात वर करून, उभं राहून. मुलं त्यांना 'काका' म्हणायला लागली आणि मधल्या सुट्टीत त्यांच्याकडून विभक्ती समजून घ्यायला लागली. माझ्याशी ते वर्गाबाहेरचं एक वाक्य बोलत नसत. प्रणालीची ख्यालीखुशाली मी विचारायची, ते "बरी हाय" म्हणायचे.

असं वर्ष गेलं. 'डॉक्टरकडे' नावाचा एक धडा आमच्या पुस्तकात आहे. साळवे सर वर्गात असताना तो मी टाळत आले होते. पण तीन मुलं महिनाभरात जाणार होती आणि त्यांना तो शिकवणं भाग होतं. त्याच्यासोबत ध्वनिफीत आहे. एक बाई खोकते, डॉक्टर तपासतो आणि सांगतो: वस्पलेनिये ल्योख्किख.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, परत लावता?"

मी परत लावलं. त्यांनी आणखी एकदा लावायला सांगितलं. मग वहीत काहीतरी लिहिलं. वर्गातल्या बाकीच्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

वर्ग सुटला, मुलं जिना उतरून गेली. साळवे सर बसून राहिले.

"एक इचारू?"

"विचारा."

"मला वर्षभर वाटत होतं, तुम्हाला त्या दिवशी बराबर समजलं होतं. पोरीची माय तशी बघून राह्यली होती, म्हणून तुम्ही हलकं सांगितलं. अन् दुसऱ्या दिवशी अंगावर आलं तव्हा शब्दाचं निमित्त पुढं केलं. असा एक शब्द कुठं असतो का, हलकं बी तेच अन् फुफ्फुस बी तेच? मला पटलंच न्हाई. ते बघायला आल्तो मी वर्गात. खरं सांगतो."

"आणि आता?"

"आता कानांनी ऐकलं. शेपटाचाच फरक हाय. मला तर पहिल्यांदी हलकंच ऐकू आलं."

मी तिथंच गप्प बसले असते तर माझी सुटका झाली असती. त्यांनी स्वतः वर्षभर अभ्यास करून मला माफी आणून दिली होती.

"सर," मी म्हटलं, "तुम्हाला शेपूट ऐकू आलं आणि तुम्ही फसलात. मला त्या दिवशी शेपूट ऐकूच आलं नव्हतं. खडखडाटात गेलं. ते न ऐकताच मी अर्थ सांगितला. आणि घशाला असेल, दोन-चार दिवसांत उतरेल, हे तर नर्स बोललीच नव्हती. ते माझं. ताई माझ्याकडं बघत होत्या म्हणून."

खाली गल्लीत कुणीतरी रिक्षा मागं घेत होतं.

"म्हंजे माझं अर्धं बराबर होतं," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं, वही पिशवीत घातली, उठले. दाराशी चप्पल घालता घालता म्हणाले, "पुढल्या रविवारी मला इलेक्शनचं ट्रेनिंग हाय. त्याच्या पुढल्या रविवारी येतो."

आले.